दुभाष्याचे पाचारण : वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या जीवनातून एक धडा

वाचनभाग : उत्पत्ती ४२:१८–२४, उत्पत्ती ४५:१–१५, नहेम्या ८:१–१२, १ करिंथ १४:६–१९

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्यांना त्यांच्या आवडत्या संताचे नाव विचारले, तर बहुतेक जण संत जेरोम यांचे नाव सांगतील, आणि ते योग्यच आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस पोप दमासस यांच्या सांगण्यावरून जेरोम यांनी शुभवर्तमानांचे लॅटिन भाषांतर तपासावयास घेतले. पुढे बेथलेहेमात राहून त्यांनी हिब्रू भाषेशी झुंज घेत जुना करार लॅटिनमध्ये आणला. ३० सप्टेंबर हा त्यांचा सण जगभरचे भाषांतरकार आपला दिवस मानतात. मीही तो मानतो. तथापि कामाचा शीण येतो आणि या कामाचा उपयोग काय, असा प्रश्न मनात उभा राहतो, तेव्हा मला दुसऱ्याच एका संताची आठवण होते. त्यांची कीर्ती कोणत्याही ग्रंथावर उभी नाही. ते पंडित नव्हते, धर्मगुरूही नव्हते. ते दुभाषी होते, आणि ते आपल्या वसईचे होते. संत गोन्सालो गार्सिया हे त्यांचे नाव.

संतांच्या चरित्रांविषयी आपणा सर्व ख्रिस्ती बांधवांची परंपरा एकसारखी नाही, याची मला जाणीव आहे. कॅथोलिक बंधुभगिनी संतांची मध्यस्थी मागतात. इतर मंडळ्यांत तशी रीत नाही. परंतु इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात, ज्यांनी आपणांस देवाचे वचन सांगितले त्यांच्या जीवनाचा शेवट पाहून त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करावे, असा जो उपदेश आहे तो सर्वांनाच आहे. त्या उपदेशाच्या आधारे या लेखात आपण संत गोन्सालो यांच्याकडे पाहू.

नाव नसलेला दुभाषी

प्रथम पवित्र शास्त्राकडे वळू. दुष्काळात धान्य घेण्यासाठी योसेफाचे भाऊ मिसर देशात आले. योसेफ त्यांच्याशी दुभाष्याच्या द्वारे बोलत होता, म्हणून आपले बोलणे या अधिकाऱ्याला समजते हे त्यांच्या ध्यानात आले नाही. तो दुभाषी कोण होता? शास्त्र त्याचे नाव सांगत नाही. दोन्ही बाजूंचे शब्द त्याच्या मुखातून जात होते, परंतु त्याचा स्वतःचा एकही शब्द नोंदलेला नाही.

त्याच्यासाठी मूळ हिब्रूत ‘मेलीत्स’ हा शब्द आहे. जुन्या करारात तो मोजक्याच ठिकाणी आढळतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याची छटा निराळी आहे. उत्पत्तीच्या ४२ व्या अध्यायात त्याचा अर्थ दुभाषी असा आहे. दुसऱ्या इतिहासाच्या ३२ व्या अध्यायात बाबेलच्या सरदारांनी हिज्कीया राजाकडे पाठविलेल्या वकिलांसाठी हाच शब्द येतो. तेथे तो राजदूत होय. ईयोबाच्या ३३ व्या अध्यायात मरणाच्या दारी पोहोचलेल्या मनुष्याच्या बाजूने उभा राहणारा मध्यस्थ याच शब्दाने दर्शविला आहे. दुभाषी, राजदूत आणि मध्यस्थ या तिघांचे काम एकच, दोघांच्या मध्ये उभे राहण्याचे. संत गोन्सालो यांच्या जीवनात या तिन्ही छटा क्रमाक्रमाने उमटलेल्या दिसतात.

वसईचा मुलगा परक्या देशात

गोन्सालो यांचा जन्म वसई येथे १५५६ च्या सुमारास झाला. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. बहुतेक चरित्रकारांच्या मते त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक होती. म्हणजे दोन जगांच्या मध्ये उभे राहण्याचा अभ्यास त्यांच्या घरातच सुरू झाला असावा. वसई येथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले, आणि सुमारे पंधराव्या वर्षी एका येशूसंघीय गुरूंबरोबर ते जपानला गेले.

जपानमध्ये सुवार्तेचे काम तेव्हा नवे होते. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमा येथे उतरले होते. त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न आजही प्रत्येक भाषांतरकाराला छळतो : ‘देव’ या अर्थी कोणता शब्द वापरावा? जपानी सोबत्याच्या सांगण्यावरून झेवियर यांनी आरंभी ‘दाइनिची’ हा शब्द स्वीकारला. तो बौद्ध पंथातील एका बुद्धरूपाचा वाचक आहे हे ध्यानी येताच त्यांनी तो टाकून दिला आणि ‘देउस’ हा लॅटिन शब्दच जपानी लोकांपुढे ठेवला. स्थानिक शब्द घ्यावा तर त्याच्याबरोबर जुना अर्थ येतो. परका शब्द ठेवावा तर ऐकणाऱ्याच्या अंतःकरणाचे दार उघडत नाही. मराठीतही आपण याच पेचातून गेलो आहोत. कोणी ‘बाप्तिस्मा’ म्हणतो, कोणी ‘स्नानसंस्कार’. कोणी ‘मंडळी’ म्हणतो, कोणी ‘ख्रिस्तसभा’. यांपैकी प्रत्येक शब्दामागे कोणीतरी वर्षानुवर्षे केलेला विचार आहे.

अशा देशात वसईचा हा मुलगा वाढला. त्याने जपानी भाषा लोकांच्या सहवासात आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. संत जेरोम यांची भाषा अभ्यासिकेत घडली, तर संत गोन्सालो यांची भाषा लोकांच्या ओसरीवर घडली, असे म्हणता येईल. भाषांतराला या दोन्हींची गरज असते. आम्ही मूळ ग्रीक आणि हिब्रू पाठ अभ्यासून मसुदा तयार करतो, परंतु तेथे काम संपत नाही. तो मसुदा सामान्य श्रोत्यांना वाचून दाखवितात आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगावयास लावतात. मग मूळ पाठ न पाहिलेल्या व्यक्तीकडून त्याचे उलट भाषांतर करून घेतात. कित्येकदा व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाटणारे वाक्य एखाद्या आजीच्या एका प्रश्नापुढे टिकत नाही. अशा वेळी विद्वत्ता बाजूस ठेवून ऐकावयास बसणे, हीच भाषांतरकाराची साधना होय.

बंद झालेले दार

गोन्सालो यांची मनीषा येशूसंघात प्रवेश मिळावा अशी होती. ती पूर्ण झाली नाही. ज्यांच्याबरोबर त्यांनी तारुण्याची वर्षे घालविली, त्यांच्याच संघाचे दार त्यांना उघडले गेले नाही. पुढे ते व्यापारात पडले आणि त्यात त्यांना चांगले यशही लाभले.

त्यांची कथा येथेच संपली असती, तर भाषा शिकून पैसा मिळविणारा एक हुशार व्यापारी, एवढीच त्यांची ओळख राहिली असती. नव्हे, तीही राहिली नसती. परंतु फिलिपिन्समधील मनिला येथे त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशी संबंध आला. भरभराटीचा व्यापार सोडून ते त्या संघात साधे धर्मबंधू झाले. धर्मगुरुपद त्यांना कधीच मिळाले नाही. मिस्साबलिदान अर्पण करण्याचा किंवा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांच्याजवळ एकच दान होते, आणि ते म्हणजे लहानपणी शिकलेली जपानी भाषा.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी किती जणांनी सेवेचे एखादे दार बंद झालेले पाहिले आहे! कोणाला सेमिनरीत जागा मिळाली नाही, कोणाला मंडळीत मान मिळाला नाही, कोणाचे शिक्षण घरच्या अडचणींमुळे अर्धवट राहिले. अशा वेळी तोवर जे शिकलो ते व्यर्थ गेले असे वाटते. गोन्सालो यांचे जीवन वेगळे सांगते. त्यांनी ज्यासाठी भाषा शिकली होती ते दार बंद झाले. परंतु देवाने ती भाषा जपून ठेवली आणि योग्य वेळी मागून घेतली.

सत्ताधीशापुढे दुसऱ्याचे शब्द

ती वेळ १५९३ साली आली. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांनी देश सोडावा असे फर्मान काढले होते. पुढे त्याने मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराकडे अधीनता स्वीकारण्याची मागणी केली. उत्तरादाखल मनिलाहून जे शिष्टमंडळ पाठविण्यात आले त्याचे प्रमुख फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता होते आणि त्यांचे दुभाषी होते धर्मबंधू गोन्सालो. हिदेयोशीचा तळ त्या वेळी कोरियावरील स्वारीसाठी क्यूशू बेटावरील नागोया येथे होता. तेथे ही भेट झाली.

त्या प्रसंगाची कल्पना करून पाहावी. एका बाजूस युद्धात गुंतलेला, शीघ्रकोपी सत्ताधीश. दुसऱ्या बाजूस अनवाणी, जाड्याभरड्या झग्यातले संन्यासी. आणि मध्ये वसईचा हा दुभाषी. विषय एका देशाने दुसऱ्यापुढे मान तुकविण्याचा. शब्द जरासा अधिक तिखट झाला तर भडका उडावा, जरासा सौम्य झाला तर ती फसवणूक ठरावी. दुभाष्याचा खरा मोह येथेच असतो. त्याच्या चुकीचा पडताळा त्या क्षणी कोणालाच घेता येत नाही, म्हणून बलवानाला रुचेल ते सांगावे असे त्याला वाटू शकते. ज्याचे शब्द आपण वाहतो त्याच्याशी आणि जो ते ऐकतो त्याच्याशीही प्रामाणिक राहणे, ही दुहेरी निष्ठा हाच दुभाष्याचा धर्म आहे.

या शिष्टमंडळाला जपानमध्ये राहण्याची परवानगी मिळाली. क्योतो येथे फ्रान्सिस्कन बंधूंनी चर्च उभारले आणि कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय चालविले. दरबारात वापरलेली भाषा आता रुग्णांच्या खाटेपाशी उपयोगी पडू लागली.

नागासाकीची टेकडी

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातील मौल्यवान माल जप्त करण्यात आला. आधी मिशनरी येतात आणि त्यांच्यामागून स्पेनच्या राजाची फौज येते, अशा आशयाचे बोलणे त्या गलबतावरील एका माणसाच्या तोंडून निघाल्याचे सांगितले जाते. हिदेयोशीच्या मनातील संशय पेटला आणि त्याने मिशनरी व त्यांचे सोबती यांना धरण्याचा हुकूम दिला.

जानेवारी १५९७ मध्ये क्योतो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि गाड्यांतून त्यांची धिंड काढण्यात आली. नंतर कडक हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. निघताना ते चोवीस होते. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्या सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी येशूसंघीय होते आणि सतरा प्रापंचिक श्रद्धावंत होते. त्या प्रापंचिकांत धर्मशिक्षक होते, दुभाषे होते, वैद्य होते. सर्वांत लहान लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. जपानी येशूसंघीय पौलो मिकी यांनी क्रुसावरून उपदेश केला आणि मारणाऱ्यांना क्षमा केली.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ साली जपानचे मिशनकार्य केवळ येशूसंघाकडे सोपविले होते. त्यामुळे फ्रान्सिस्कनांच्या आगमनाने दोन संघांत कटुता निर्माण झाली होती. सुवार्ता सांगावयास गेलेले लोक आपसांतच भांडत होते. परंतु निशिझाकावर दोन्ही संघांचे क्रूस एकाच रांगेत उभे राहिले, आणि त्या रांगेत दोन्ही संघांची सेवा केलेला वसईचा दुभाषी होता. ईयोबाच्या ग्रंथातील मध्यस्थाची छटा मला येथे दिसते. मध्ये उभा राहणारा नेहमी दोन्ही बाजूंचे घाव सोसतो. आपल्या प्रभूने देव आणि मनुष्य यांच्यामध्ये उभे राहून हेच केले. तो एकमेव मध्यस्थ आहे. त्याचे सेवक त्याच्या पावलांवर पाऊल ठेवतात, इतकेच.

१६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी गोन्सालो यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीसही रक्तसाक्षींना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून आपण संत गोन्सालो यांना ओळखतो.

शब्द उरले

या बलिदानाने काय साधले? पुढील काळात छळ वाढतच गेला. धर्मगुरू हद्दपार झाले, मारले गेले; जपानमध्ये ख्रिस्ती म्हणून उघडपणे जगणे अशक्य झाले. सुमारे अडीच शतके लोटली. परकीयांसाठी नागासाकी येथे ओउरा चर्च बांधण्यात आले आणि १८६५ साली ते याच सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाने अर्पण करण्यात आले. त्याच वर्षी १७ मार्च रोजी जवळच्या उराकामी गावची काही माणसे तेथे आली आणि त्यांनी फादर पेतीजाँ यांना हळूच सांगितले की, आमचाही विश्वास तुमच्यासारखाच आहे. इतकी वर्षे धर्मगुरू नसताना, ग्रंथ उघडण्याची सोय नसताना, त्यांनी प्रार्थना तोंडपाठ करून पिढ्यान्‌पिढ्या जपल्या होत्या. त्यांत जपानी शब्दांबरोबर घासून गेलेले लॅटिन व पोर्तुगीज शब्दही होते.

भाषांतरकार म्हणून हा प्रसंग मला फार धीर देतो. दुभाषी मारला गेला, परंतु लोकांच्या ओठांवर बसलेले शब्द मारता आले नाहीत. योसेफाच्या कथेतही असेच घडते. उत्पत्तीच्या ४५ व्या अध्यायात योसेफ सर्वांना बाहेर जावयास सांगतो आणि भावांना आपली ओळख देतो. मीच माझ्या मुखाने तुमच्याशी बोलत आहे, असे तो त्यांना पटवितो. सर्वांबरोबर दुभाषीही बाहेर गेलेला असतो. त्याचे काम तेथे संपले. वाचणाऱ्याला भाषांतरकाराचा विसर पडावा आणि प्रभूच आपल्याशी आपल्या भाषेत बोलत आहे असे वाटावे, याहून मोठे पारितोषिक या सेवेत नाही.

आपल्यासाठी बोध

मी बंगळुरूच्या यशवंतपूर भागात राहतो. भारतीय बायबल सोसायटीचे मुख्य कार्यालय याच शहरात आहे. शेजारच्या मल्लेश्वरममधील संत पीटर पाँटिफिकल सेमिनरीत आणि युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अनेक भाषांचे विद्यार्थी शिकतात. परंतु भाषांची खरी शाळा आमच्या यशवंतपूरच्या रेल्वे स्थानकावर आणि मार्केट यार्डात भरते. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि हिंदी एकाच गल्लीत कानी पडतात. सोलापूर, कोल्हापूर, बेळगावकडून पोटासाठी आलेली मराठी माणसेही त्यांत असतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांचे जीवन थोड्याफार फरकाने असेच आहे. म्हणून संत गोन्सालो यांच्या जीवनातून मी घेतलेले तीन धडे आपल्यापुढे ठेवतो.

पहिला धडा : जेथे देवाने ठेवले तेथील भाषा प्रेमाने शिकावी. पोटापुरते चार शब्द शिकणे निराळे आणि शेजाऱ्याचे दुःख समजावे म्हणून शिकणे निराळे. कन्नड शिकल्याने मराठी उणी होत नाही. त्याचबरोबर घरातील मराठीही विझू देऊ नये. आज अनेक घरांत आजी मराठीतून प्रार्थना करते आणि नातवंडे इंग्रजीतून. दोघांच्या मध्ये बसून एकाची प्रार्थना दुसऱ्याला समजावून देणारे कोणी नसते. आईवडिलांनो, तुमच्या घरातील हे दुभाष्याचे पाचारण तुमचेच आहे. रोज रात्री स्तोत्राची चार वचने दोन्ही भाषांत वाचणे, एवढ्या साध्या गोष्टीने आरंभ करता येईल.

दुसरा धडा : दुसऱ्याचे शब्द वाहताना प्रामाणिक राहावे. आपण सारेच दुभाषी आहोत. सासूचे सुनेला, पंचांचे पाळकांना, एका घराचे दुसऱ्या घराला आपण सांगत असतो. तिखटमीठ लावून सांगितलेल्या एका वाक्याने मंडळ्या फुटलेल्या आहेत. ज्याने ऐकले ते जसेच्या तसे आणि प्रीतीने पोहोचविले, त्याने शांतीचे काम केले.

तिसरा धडा : वेळ आली की बाजूला व्हावे. आपण उभारलेली शाळा, भजनमंडळ, बायबल वर्ग आपल्यावाचून चालू लागले, तर दुःख मानू नये. लोकांची प्रभूशी गाठ पडली, यातच आपल्या सेवेची पूर्णता आहे. पौलाने करिंथकरांस हेच शिकविले : मंडळीची उन्नती व्हावी, बोलणाऱ्याची नव्हे.

दरवर्षी ५ फेब्रुवारी जवळ आला की वसईतील भाविक आपल्या या संताची आठवण करतात. आपण कोठेही असलो तरी त्या दिवशी उत्पत्तीचा ४२ वा अध्याय काढावा आणि त्या निनावी दुभाष्यापाशी क्षणभर थांबावे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या जीवनात बंद झालेल्या एखाद्या दारामुळे जे दान मी बाजूस टाकले आहे, ते देव आज कोठे मागत आहे?

२. गेल्या आठवड्यात मी कोणाचे शब्द कोणापर्यंत पोहोचविले? ते मूळ बोलणाऱ्याने ऐकले असते तर ‘होय, हेच मी म्हणालो’ असे तो म्हणाला असता काय?

३. नहेम्याच्या ८ व्या अध्यायात लोकांना अर्थ समजला तेव्हा त्यांनी काय केले? आपल्या मंडळीत वचन वाचले जाते तेव्हा ते न समजणारे कोण आहेत?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू पित्याचा शब्द असून आमची भाषा बोलावयास आलास. वसईच्या तुझ्या सेवकाला तू दूरदेशी नेलेस, त्याची जीभ तुझ्या कामी लावलीस आणि शेवटी त्याचे जीवनच तुझी साक्ष केलीस. आमच्या जिभेवर सत्य आणि प्रीती ठेव. जे एकमेकांना समजू शकत नाहीत त्यांच्यामध्ये उभे राहण्याचे धैर्य आम्हांस दे, आणि तू बोलू लागलास की मुकाट्याने बाजूला होण्याची नम्रताही दे. आमेन.